पोरीचे टीके पूर्ण झाले तरी हिपॅटायटीस बी ची अँटीबॉडी कमी आली, पुन्हा डोस द्यावा का?

अंजनगावची आई:
आमच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी रक्त तपासलं तर हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह निघालं. घरात साडेतीन वर्षांची पोरगी, दिवसभर आबाच्याच मांडीवर, त्यांच्याच ताटात जेवते. जन्मल्याबरोबरचा टीका अन् दीड, अडीच, साडेतीन महिन्याचे पेंटा (ज्यात हिपॅटायटीस बी चा टीकाबी असते), सगळं कार्डावर लिहून आहे. तरी जीव लागेना म्हणून तालुक्याले नेऊन अँटीबॉडी तपासली तर ६ आली, कागदावर १० च्या वर पाहिजे म्हणून लिहिलंय. लॅबवाला म्हणे टीका लागलाच नाही. शेजारीण म्हणते पोरीले मामाकडं पाठव. आबा तर आत्तापासूनच तिले जवळ घेईनात, दाराशी उभी राहून रडते ती. सांगा ना काय करू.

उपकेंद्रातली नर्सबाई:
ताई, पोरीले कुठंबी पाठवू नका. १० च्या वर आकडा पाहायचा तो शेवटच्या डोसनंतर एकदोन महिन्यात, तीन वर्षांनी तो खाली येणारच, बहुतेक लेकरांचा येतो. म्हणून टीका वाया गेला असं नाही, शरीराले तो विषाणू लक्षात राहतो, अन् हा आजार अंगात मुरायले दोनतीन महिने घेते, तेवढ्यात शरीर पुन्हा अँटीबॉडी बनवून घेते. धडधाकट लेकराले बूस्टर द्या असं म्हणूनच सांगत नाहीत. पण एक सांगा, गरोदरपणात तुमची तपासणी निगेटिव्ह होती ना? अन् आबाचं रक्त तिच्या जखमेले लागलं असं कधी झालं का? झालं असेल तर डॉक्टरले दाखवून एक डोस देऊन घ्या, त्यानं नुकसान काही नाही.
एका ताटात जेवल्यानं, मांडीवर बसल्यानं, पापा घेतल्यानं हे होत नाही. आबाचं दाढीचं ब्लेड, ब्रश, नेलकटर मात्र पोरीच्या हाती लागू देऊ नका, वाळलेल्या रक्तातबी हा विषाणू सात दिवस टिकते.

अंजनगावची आई:
माझी निगेटिव्ह होती, कार्डावर आहे. रक्ताचं तसं काही झालं नाही.

यवतमाळकर बाप:
मग निर्धास्त राहा वहिनी. आमच्या घरी बायकोच पॉझिटिव्ह आहे, तिथली गोष्ट वेगळी, बाळंतपणाच्या वेळी लागण झाली तर दहातल्या नऊ लेकरांच्या अंगात आजार कायमचा राहते. आमच्या पोराले म्हणून १२ तासाच्या आत एका मांडीत टीका अन् दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन दिलं, नऊ महिन्यानंतर तपासलं, लागण नव्हती अन् आकडाबी चांगला होता. तो आकडा तशा लेकरांसाठी महत्त्वाचा. तुमच्या घरी खरी तपासणी करायची ती सासूबाईंची, तुमच्या मालकाची अन् त्यांच्या भावाबहिणींची, कारण त्यांच्या लहानपणी हा टीकाच नव्हता, देशभर सगळ्या बाळांना २०११ पासून देऊन रायले. जो निगेटिव्ह निघेल त्यानं तीन डोस घ्यावे.
अन् आबाले झाडपाला देऊ नका. ही पाण्यातून होणारी कावीळ नव्हे. जिल्हा रुग्णालयात तपासणी अन् लागली तर गोळ्या फुकट मिळतात, लिव्हरवर कितपत आहे ते त्यांनाच पाहू द्या.

अंजनगावची आई:
सोमवारी मालकाले अन् आबाले घेऊन जिल्ह्याले जातो. नर्सबाई, तुमचं उत्तर आबाले वाचून दाखवलं, पोरगी आत्ता त्यांच्याजवळच जेवून रायली.