रविवारचा ड्रोन सर्व्हे आणि मागची भिंत

सचिव: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा आराखडा सुरू करण्याआधी रविवारी सकाळी ११ वाजता आपल्या प्लॉटचा ड्रोन सर्व्हे होणार आहे. शंका असतील तर आत्ताच विचारा.

३०२: उत्तम! मागच्या भिंतीचा वाद एकदाचा मिटेल.

५०३: दादा, नुसत्या ड्रोनने तो मिटणार नाही. बरीच वर्षं या कामात आहे म्हणून सांगते. ड्रोनला भिंत दिसते, हद्द दिसत नाही. भिंत कुणीतरी अंदाजाने बांधलेली असू शकते. हद्द मोजणीच्या नकाशात असते. आधी भूमापकाकडून कोपऱ्यांच्या खुणा कायम करून घ्या, त्यांवर ठळक रंग द्या आणि मग ड्रोन उडवा. भिंत किती आत किंवा बाहेर आहे ते तेव्हाच मोजता येईल.

२०४: आणि आमच्या खिडक्यांसमोर कॅमेरा घिरट्या घालणार का?

५०३: काकू, विचारलंत ते बरं झालं. नकाशासाठी कॅमेरा सरळ खाली रोखलेला असतो. भिंतींच्या भेगा बघायला तिरके फोटो घेतले, तर मात्र खिडक्या त्यात येतात. सचिवसाहेब, तिरके फोटो घेणार का आणि मूळ फोटो कुणाकडे राहणार, हे लेखी घ्या.

१०१: ड्रोनमध्ये जीपीएस असतोच ना? मग खुणा कशाला रंगवायच्या?

५०३: साध्या जीपीएसवर सगळा नकाशा दोन-तीन मीटर सरकू शकतो, आणि आपलं भांडण आहे काही इंचांचं. ५० मीटरवरून उडवलं तर एका पिक्सेलमध्ये साधारण दीड सेंटीमीटर जमीन येते, पण चित्र स्पष्ट आलं म्हणजे ते जागच्या जागी बसलं असं होत नाही. भूमापकाने मोजलेल्या खुणा फोटोत दिसल्या की त्यांच्या आधारे नकाशा जागेवर बसवतात. माझ्याच एका कामात रंगवलेल्या खुणेवर रात्री कुणीतरी गाडी लावली. सकाळच्या एकाही फोटोत ती खूण नव्हती. प्लॉटचा तो कोपरा फूटभर चुकला आणि सगळं पुन्हा उडवावं लागलं. म्हणून दोन-तीन खुणा हिशेबात न धरता फक्त तपासणीसाठी राखून ठेवायच्या. नकाशा झाल्यावर तिथे किती फरक येतो तो आकडा अहवालात मागा. त्याशिवाय पैसे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

३०२: पण मागच्या भिंतीवर तर झाडांची गच्च सावली आहे.

५०३: तीच अडचण आहे. फोटोत झाडाचा शेंडा येतो, बुंधा नाही. लायडारचे, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचे, काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, पण एवढ्याशा लांबीला भूमापकाचं यंत्र पुरेल.

१०१: पार्किंगमध्ये पाणी तुंबतं, त्याचं काही कळेल का?

५०३: ते तर छान कळेल! एकावर एक ७५ ते ८० टक्के चढणारे फोटो घेतले की त्यांतून उंचीचा नकाशा तयार होतो. उतार कुठे मोडतो, गटार कुठून काढायचं, हे आराखड्याआधीच ठरवता येईल. फक्त झाडं आणि गाड्या वगळून निव्वळ जमिनीची उंची मागा, नाहीतर गाडीचं टपसुद्धा टेकाड म्हणून मोजलं जाईल.

सचिव: पटलं. आधी भूमापकाची तारीख घेतो, ड्रोन त्यानंतर. रविवारचा सर्व्हे पुढे ढकलला आहे.

५०३: आदल्या रात्री मागच्या कोपऱ्यातल्या दोन्ही दुचाकी हलवायला सांगा. एक खूण नेमकी तिथेच येणार आहे.