हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संपर्काचा) परवाना मिळाला, पण आपत्तीत उपयोगी पडायचं तर सराव कशाचा करायचा?

नवाहॅम:
परवाना नुकताच हाती आलाय. ५ वॅटचा हँडसेट आहे, रिपीटरवर (आपला संदेश उचलून जोरात पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) गप्पा होतात. पण पुरात किंवा भूकंपात मोबाइल टॉवर बंद पडले तर माझा खरंच काही उपयोग होईल का? आधी मोठा एचएफ सेट (लांब पल्ल्याच्या लघुलहरींचा) घेऊ की दुसरं काही शिकू?

बिनतारी:
सेट नंतर घ्या, आधी निरोप घ्यायला आणि द्यायला शिका. आपत्तीत आपलं मुख्य काम तेच: एकाचा निरोप एकही शब्द न बदलता दुसऱ्याला पोचवणं. नुसत्या गप्पा मारून ते जमत नाही.

आमच्या साप्ताहिक नेटवर (ठरल्या वेळी हॅम एकाच फ्रिक्वेन्सीवर जमतात तिथे) मी नव्यांना पंचवीसेक शब्दांचा निरोप देते. त्यात एक आडनाव, दोन आकडे, एक औषधाचं नाव असतंच. घेणाऱ्यानं तो पेन्सिलीनं उतरवायचा (ओल्या कागदावर शाई फुटते) आणि जसाच्या तसा वाचून दाखवायचा. आकडे सुटे सुटे सांगायचे. खरखरीत 'एकोणसाठ' की 'एकोणसत्तर' कळत नाही. 'पाच नऊ' म्हटलं की प्रश्न मिटतो. नाव आलं की अल्फा, ब्राव्हो, चार्ली करत अक्षरं सांगायची. शेवटी शब्द मोजायचे. दोन्हीकडची संख्या जुळली नाही तर काहीतरी गळलंय. निरोपाच्या वर वेळ, कोणाकडून, कोणाला आणि तातडी किती, हे हवंच. 'रक्त हवंय' हा निरोप 'मी सुखरूप आहे'च्या मागे अडकून राहता कामा नये.

दुसरं म्हणजे शिस्त. नेट चालू असताना नेट कंट्रोलनं (नेट चालवणाऱ्या स्टेशननं) बोलावल्याशिवाय पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबायचं नाही. खरी तातडी असेल तरच मध्ये बोलायचं. तासन्‌तास नुसतं ऐकत बसणं नव्या माणसाला फार जड जातं, पण तेही कामच आहे. मॅरेथॉन, सायकल शर्यत अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून उभे राहा, तिथे ही सवय छान लागते.

२००४च्या डिसेंबरात हॅम भारती प्रसाद डीएक्स मोहिमेसाठी (दुर्मिळ ठिकाणाहून जगभरच्या हॅमशी संपर्क साधायला) अंदमानात होत्या. त्सुनामी आली आणि त्याच स्टेशनवरून लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. अशा मोहिमेत एकदम हाका मारणाऱ्यांच्या गर्दीतून एकेक स्टेशन नीट उचलायचा सराव असा कामी येतो. मला या छंदाचा अभिमान वाटतो तो अशा कामामुळे.

तांब्याचीतार:
बिनतारीताईंचं अगदी बरोबर. एक भर घालतो: रिपीटर गृहीत धरू नका, त्याचीही वीज जाते. सिम्प्लेक्सवर (रिपीटरशिवाय, थेट सेट ते सेट) कुठून कुठपर्यंत ऐकू येतं ते आत्ताच फिरून नकाशावर टिपून ठेवा. हँडसेटच्या आखूड रबरी अँटेनाऐवजी पाव तरंगलांबीची लावा, १४५ मेगाहर्ट्‌झला साधारण ४९ सेंमी. फरक लगेच कळतो.

पुढे एचएफ घ्याल तेव्हा ४० मीटर बँडसाठी डायपोल (मधोमध जोडणी असलेली तारेची अँटेना) करा. एकूण तार साधारण २० मीटर, आणि ती मुद्दाम ३-४ मीटर उंचीवरच बांधा. लहर जवळपास सरळ वर जाऊन खाली परतते, त्यामुळे डोंगराआडच्या स्टेशनशीही बोलता येतं. रात्री बहुधा ८० मीटर बँडवर उतरावं लागतं.

नवाहॅम:
आणि बॅटरी?

बिनतारी:
गाडीत बसवायचा ५० वॅटचा रेडिओ सेट प्रक्षेपणात साधारण १० अँपिअर ओढतो, ऐकताना अगदी थोडं. म्हणून वाक्य मनात जुळवूनच पीटीटी दाबा, आणि ५ वॅटवर निरोप पोचत असेल तर पॉवर वाढवू नका. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नका. महिन्यातून एकदा भिंतीवरचा प्लग काढून अख्खा नेट बॅटरीवर करा, तुमची खरी मर्यादा तिथेच कळेल.