ईझमेंटला मराठीत काय म्हणायचं? डाकोटा पाइपलाइनच्या निमित्तानं

अनुवादवाली:
अमेरिकेतल्या डाकोटा ॲक्सेस या तेलाच्या पाइपलाइनवरचा एक लेख मराठीत करतेय आणि दोन दिवस एकाच शब्दावर अडकलेय, ईझमेंट, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून काही नेण्याचा हक्क. आधी सरळ 'मंजुरी' लिहिलं, ओबामा सरकारनं मंजुरी रोखली, ट्रम्पनी दिली, असं. पण मग ४ डिसेंबर २०१६ ला आर्मी कोअरनं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर खात्यानं, नेमकं काय नाकारलं आणि ८ फेब्रुवारी २०१७ ला काय देऊन टाकलं हे कळतच नाही, कारण १,१७२ मैलांची लाइन तोवर बरीचशी टाकून झालेली, बहुतेक खाजगी जमिनीतून, आणि अडलं होतं ते फक्त मिसूरी नदीवरच्या ओआहे तलावाखालच्या तुकड्यावर. सोपा शब्द सुचवा ना कुणीतरी.

कोर्टकचेरी:
कायद्यातला शब्द सुविधाधिकार, १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टचं मराठी नाव भारतीय सुविधाधिकार अधिनियम आहे. गावात कुणी असं बोलत नाही. तिथे वहिवाट, वाटेचा हक्क. शेजाऱ्याच्या रानातून बैलगाडी न्यायचा हक्क, म्हणजे रान त्याचंच राहतं, जायचा हक्क तेवढा तुमचा. पण वहिवाट म्हटलं की वर्षानुवर्षं वापरातून पडलेली वाट डोळ्यासमोर येते आणि इथे तर कागदावर नवा हक्क मागितला होता, म्हणून मी म्हणेन 'तलावाखालून पाइप नेण्याचा हक्क' असं उलगडूनच लिहा ताई. लांब झालं तरी चालेल. वाचणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न पडेल, जमीन कुणाची?

अनुवादवाली:
हो ना, सगळं तिथेच आहे. तलावाची जमीन सरकारी, पण ती सरकारकडे आली कशी तर ओआहे धरणासाठी १९५८ च्या कायद्यानं स्टँडिंग रॉकच्या सू या मूळनिवासी लोकांची नदीकाठची जमीन घेतली गेली. शिवाय १८५१ च्या फोर्ट लॅरमी तहात तो सगळा मुलूख त्यांचाच धरलाय. कंपनी म्हणते लाइन रिझर्वेशनमधून, म्हणजे तहानं सू लोकांकडे राहिलेल्या मुलखातून, जातच नाही, जवळून जाते. आणि ते नकाशावर खरंच आहे, हद्दीपासून साधारण अर्ध्या मैलावर.

तळकोकण:
'जवळून' काढा आधी. 'वरच्या अंगाला' लिहा. नदीकाठच्या माणसाला दुसरं काही सांगावं लागणार नाही, वर तेल सांडलं तर खालच्यांच्या पाण्यात येणार. सुरुवातीला बिस्मार्क शहराच्या उत्तरेकडून न्यायचा एक मार्ग विचारात होता, तो सोडून देण्यामागं शहराला पाणी पुरवणाऱ्या विहिरी हे एक कारण कोअरच्याच कागदात आहे. ते वाचलं तेव्हा मला फार लागलं.

आणि रिझर्वेशनचं काय केलंत? 'आरक्षण' नको, लोक भलतीकडे जातील.

अनुवादवाली:
'राखीव प्रदेश' केलंय. पण त्यात सरकारनं दयेनं राखून दिल्यासारखं वाटतं.

कोर्टकचेरी:
बरोबर खटकतंय तुम्हाला. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं विनान्स खटल्यात, तो याकामा लोकांच्या मासेमारीचा होता, म्हटलंय की तहानं हक्क त्यांना दिले गेले नाहीत, त्यांनीच दिले आणि जे दिले नाहीत ते स्वतःकडे राखले. म्हणून 'राखलेला मुलूख' करून बघा. एका प्रत्ययानं कर्ता बदलतो.

गडचिरोलीकर:
कन्सल्टेशनला 'संमती' लिहू नका एवढी विनंती, बरेच जण लिहितात. सल्लामसलत म्हणजे विचारलं, संमती म्हणजे हो म्हटलं, आमच्याकडे पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या, कलमांत हाच फरक माणसांना भोवतो. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा असं १९९६ चा कायदा म्हणतो आणि मग बैठक झाली, सह्या झाल्या की संपलं. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ ला १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो नकार टिकला, कारण तिथे त्यांच्या हक्कांचा निर्णय सुप्रीम कोर्टानं त्यांच्यावरच सोपवला होता. स्टँडिंग रॉकची तक्रार होती की आम्हाला नीट विचारलंच नाही, पण ९ सप्टेंबर २०१६ ला तिथल्या केंद्रीय कोर्टाचे जज बोसबर्ग यांनी काम थांबवायला नकार दिला, ऐतिहासिक ठिकाणांच्या जतनाच्या अमेरिकी कायद्यापुरतं कोअरनं बहुधा पुरेसं विचारलंय म्हणून.

तळकोकण:
वॉटर प्रोटेक्टर्सला काय? पाइपलाइनला विरोध करायला जमलेले लोक स्वतःला हे म्हणायचे, ते स्वतःला आंदोलक म्हणवून घेत नव्हते. जलरक्षक फार सरकारी वाटतं, पाण्याचे राखणदार म्हणा, आमच्याकडे गावाचा राखणदार असतो, त्याला नारळ ठेवल्याशिवाय काही सुरू होत नाही. आणि त्यांची घोषणा म्नी विचोनी, पाणी म्हणजे जीवन, मराठीत तर जीवन या शब्दाचा एक अर्थच पाणी. बरं पाइपलाइनला ते काळा साप म्हणायचे, झुझेचा सापा, यात साप म्हणजे झुझेचा आणि सापा म्हणजे काळा, गल्लत होऊ देऊ नका.

अनुवादवाली:
राखणदार घेतला! आता शेवटची अडचण. बोसबर्ग यांनीच जुलै २०२० मध्ये पर्यावरणाचा पूर्ण अभ्यास केला नाही म्हणून ईझमेंट रद्द केलं, जानेवारी २०२१ मध्ये अपील कोर्टानं ते रद्दच ठेवलं पण लाइन बंद करायचा हुकूम उठवला, फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं कंपनीचं ऐकायला नकार दिला. तेल वाहतंच राहिलं. 'मंजुरी रद्द' लिहिलं तर वाचणारा लाइन बंद पडली समजेल. हक्क नसताना दुसऱ्याच्या जमिनीत असलेल्या पाइपला अपील कोर्टानं त्या निकालात एन्क्रोचमेंट म्हटलं.

कोर्टकचेरी:
अतिक्रमण. साधा सातबाऱ्याच्या भांडणातला शब्द.

गडचिरोलीकर:
तोच लिहा, जसाच्या तसा. जंगलात पिढ्यान् पिढ्या शेती केलेल्या माणसांना आमच्याकडे हाच शब्द लावतात, नोटिशीवर असतो. इथे तो तेलकंपनीला लागलाय.