देशी की परदेशी? सर्वेतल्या नंबरांवर किती भरवसा ठेवायचा

टायमिंगचेन:
मंडळी, अमेरिकेतले गाड्यांचे सर्वे वाचत बसलो आणि डोकंच चक्रावलं. 2020 मध्ये जे.डी. पॉवर या सर्वे करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या पहिल्या 90 दिवसांच्या क्वालिटी सर्वेत टेस्लाच्या 100 गाड्यांमागे 250 तक्रारी, म्हणजे सगळ्यात जास्त (अधिकृत रँकिंगमध्ये धरलं नव्हतं, पण आकडा हाच), आणि त्याच वर्षी गाडी किती आवडली वाल्या सर्वेत तीच सगळ्यांच्या वर. तक्रारीही करतात आणि खूशही आहेत, हे काय गौडबंगाल? शिवाय जपानी कोरियन गाड्या चांगल्या आणि डेट्रॉईटच्या (म्हणजे अमेरिकन, तिथल्या देशी) भंगार हे अजून खरंय का?

क्लचप्लेट:
गौडबंगाल नाही हो, मोजायची पद्धतच तशी आहे. गिअरबॉक्स गेला तरी एक तक्रार आणि फोन ब्लूटूथला जुळत नाही तरी एकच. हल्ली टचस्क्रीनच्याच तक्रारी ढिगाने येतात. तीन वर्षं वापरल्यावरचा सर्वे वेगळा असतो, तो बघा, 90 दिवसांत गाडीचं काय कळणार.

जुनापिस्टन:
देशी-परदेशीबद्दल बोलायचं तर कॅलिफोर्नियातला फ्रिमॉन्टचा कारखाना बघा. जीएमचा (जनरल मोटर्स, डेट्रॉईटचीच कंपनी) तो प्लांट 1982 ला बंद पडला, कामगार दांड्या मारायचे, गाड्या सदोष निघायच्या, सगळं बदनाम. 1984 ला टोयोटाबरोबर भागीदारीत तोच परत सुरू केला, नाव नम्मी, कामगार बरेचसे तेच, युनियनही तीच, फक्त दोष दिसला की दोरी ओढून लाईन थांबवायची मुभा दिली आणि वरून ओरडा खायचा नाही. दोनेक वर्षांत जीएमच्या सगळ्यात चांगल्या प्लांटमध्ये गणना. आणि गंमत म्हणजे कोरोला आणि जीएमची प्रिझ्म एकाच लाईनवर बनायच्या, जवळपास तीच गाडी, तरी सेकंड हँडमध्ये कोरोलाला भाव जास्त!! तुमचं समाधान निम्मं तर बिल्ल्यावर असतं राव.

रिव्हर्सगिअर:
ह्युंदाई विसरू नका. 1986 ला अमेरिकेत स्वस्तातली एक्सेल घेऊन आले, गाड्या खपल्या पण नाव पार खराब झालं. 1998 ला इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षं किंवा 1 लाख मैल वॉरंटी जाहीर केली, म्हणजे खराब माल दिला तर खर्च आपल्याच खिशातून. मग क्वालिटी आणावीच लागली, 2004 च्या सर्वेत होंडाच्या बरोबरीला. अशी वॉरंटी दिली की कंपनीला कळ लागते, सर्वेने नाही लागत.

स्टेपनी:
आणि समाधानाचे आकडे कसे गोळा होतात ते पण बघा जरा. माझी गाडी सर्व्हिसिंगहून परत आली, डाव्या दारातला खडखडाट जसाच्या तसा, वर ॲडव्हायझर चावी देताना हळूच म्हणतो सर फोन येईल, 10 च द्या, 9 दिले तरी आमचा इन्सेन्टिव्ह जातो. दिले 10, बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा. आता माझा तो 10 कुठल्यातरी ग्राफमध्ये मिरवत असेल.

टायमिंगचेन:
@स्टेपनी 😂 म्हणजे तो खडखडाट पण 10 पैकी 10!
@जुनापिस्टन, मग सेकंड हँड प्रिझ्म घेणारेच हुशार म्हणायचे?

जुनापिस्टन:
अर्थात. माहीतगार माणूस तीच घ्यायचा, गाडी कोरोलाची आणि भाव जीएमचा.