आयपीव्ही६ : एएएए रेकॉर्ड टाकला की झालं का?

कळफलक
पतसंस्थेची साइट एका उबंटू सर्व्हरवर आहे. एनजिनएक्स (वेब सर्व्हर), मायएसक्यूएल (डेटाबेस), सगळं आयपीव्ही४ वर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांवर. होस्टिंगवाल्यांनी दिलेला /६४ (नव्या आयपीव्ही६ पत्त्यांचा गठ्ठा) पडून आहे. डीएनएसला एएएए रेकॉर्ड (साइटच्या नावापुढे व्ही६ पत्ता देणारी नोंद) टाकला की काम झालं का? आणि संचालकांना कसं पटवायचं? "चालतंय ना, मग हात कशाला लावता" असं म्हणतात.

तारवाला
एएएए सगळ्यात शेवटी!

आधी एनजिनएक्सच्या प्रत्येक सर्व्हर ब्लॉकमध्ये (एकेका साइटच्या सेटिंगमध्ये) [::] वर, म्हणजे सगळ्या व्ही६ पत्त्यांवर, ८० आणि ४४३ हे पोर्ट ऐकायला लावा. एखादा ब्लॉक राहिला की तिथे दुसऱ्याच साइटचं सर्टिफिकेट दिसतं. मग फायरवॉल. आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम फक्त व्ही४ ला लागतात. व्ही६ चे नियम कोरे असतील आणि मायएसक्यूएल सगळ्या पत्त्यांवर ऐकत असेल, तर त्याचं ३३०६ पोर्ट जगाला उघडं.

आयसीएमपी (नेटवर्कचे आपसातले निरोप) सरसकट बंद करायची जुनी सवय इथे नडते. व्ही६ मध्ये वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत, "मोठं आहे" असा टाइप २ चा निरोप परत पाठवतात. तो अडवला की छोटी पानं उघडतात, मोठी लटकतात. पीपीपीओई जोडणीवाल्यांना (तिथे पॅकेट जास्तीत जास्त १४९२ बाइटचं) हे हमखास दिसतं. टाइप १३३ ते १३६ सुद्धा अडवू नका, त्यांच्याशिवाय शेजारचा राउटरच सापडत नाही.

मग आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसआधी हीच बघितली जाते) पत्ता घालून मोबाइल हॉटस्पॉटवरून तपासा. नंतर ३०० सेकंद टीटीएलने (नोंद इतरांकडे साठून राहण्याची मुदत) एएएए.

लॉगबहाद्दर
डेटाबेसमधला आयपीचा कॉलम व्हारचार(१५), म्हणजे १५ अक्षरांचा, असेल तर ४५ करा, नाहीतर लॉगिनची नोंदच फसते. लेट्स एनक्रिप्ट (सर्टिफिकेट देणारी सेवा) एएएए दिसला की तपासायला आधी व्ही६ वरच येतं. तिथे चुकीचं उत्तर मिळालं की सर्टिफिकेटचं नूतनीकरण अडतं. आणि त्रास देणाऱ्याला ब्लॉक करायचं तर अख्खा /६४ करा, एकेक पत्ता अडवून उपयोग नाही.

बिनतारी
संचालकांना "पत्ते संपले" सांगू नका. आशिया-पॅसिफिकचा व्ही४ पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला, तरी गाडी चालूच आहे. त्यांना लॉग दाखवा. व्ही४ वर मोबाइलचे बरेच सभासद एकाच सामायिक पत्त्याआडून येतात. पासवर्डचे चुकीचे प्रयत्न झाले म्हणून तो पत्ता अडवला, की बाकीचेही बाहेर. तक्रार शाखेत येते, तेव्हा पटतं.

कळफलक
व्ही६ बंद पडलं तर ब्राउझर व्ही४ वर जातोच ना?

तारवाला
जातो, साधारण पाव सेकंद थांबून. म्हणूनच बिघाड कोणाला कळत नाही. पाच मिनिटांच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) "कर्ल -६" (फक्त व्ही६ वरून साइट उघडून बघणारी आज्ञा) वेगळं लावा.