कार्बामॅझेपिनचा डोस वाढवल्यावर मुलीच्या आकड्या वाढल्या. औषधामुळे असे होऊ शकते का?

माझी मुलगी सात वर्षांची आहे. पाढे म्हणताना ती ‘सात चोक’पाशी थांबते, आठ-दहा सेकंद टक लावून बघत राहते आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात ‘अठ्ठावीस’ म्हणते. सुरुवातीला आम्ही तिला लक्ष नाही म्हणून रागावत होतो, याचे आता फार वाईट वाटते. ही आकडीच आहे असे सांगून डॉक्टरांनी ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) न काढताच कार्बामॅझेपिन सुरू केले. दोन आठवड्यांत हे थांबणे वाढले, म्हणून डोस वाढवला. त्यानंतर तर दिवसाला तीस-चाळीस वेळा असे होऊ लागले. शिवाय सकाळी उठल्यावर हात अचानक झटकतात. परवा दुधाचा पेला असाच उडाला.

आता ईईजी झाला आहे. तंत्रज्ञांनी तिला कागदी भिंगरी फुंकत राहायला सांगितले आणि दोनेक मिनिटांत ती फुंकायची थांबली, नेमक्या त्याच वेळी आलेखात सेकंदाला तीन या गतीने लहरी उमटल्या. कार्बामॅझेपिन मेंदूच्या एका भागातून उठणाऱ्या आकडीवर चालते, पण अशा ‘ॲबसन्स’ आकड्या आणि झटके त्याने बळावू शकतात, असे वाचले. मग वाढ औषधामुळे झाली की आजारच वाढतो आहे, हे कसे ओळखावे? आणि डॉक्टरांचा अवमान न होता हा विषय कसा काढावा? गोळी मी स्वतःहून बंद केलेली नाही.

प्रतिसाद (बालरोगतज्ज्ञ) :

गोळी बंद केली नाहीत हे उत्तम, कारण अचानक थांबवल्यास न थांबणारी मोठी आकडी येऊ शकते. डोस वाढवल्याच्या तारखा आणि रोजची मोजणी एकाच कागदावर मांडा, एखाद्या प्रसंगाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि ताप, जागरण किंवा चुकलेला डोस यांचीही नोंद ठेवा. डोसपाठोपाठ आकड्या वाढल्या आणि नव्या प्रकारचे झटके सुरू झाले, तर संशय औषधावरच जातो. फेनिटॉइन, ऑक्सकार्बाझेपिन आणि व्हिगाबॅट्रिन या आकडीवरच्या इतर औषधांबाबतही हेच घडू शकते. ॲबसन्ससाठी इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट वापरतात. मुलगी असल्याने व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत पुढील वयातील गरोदरपणाचा विचार आत्ताच विचारून घ्या. बालमेंदूविकारतज्ज्ञांना ईईजी दाखवून ‘हे औषध या प्रकाराला योग्य आहे का?’ एवढेच विचारा. त्यात कोणाचाही अवमान नाही.