‘संशोधित पेटंट’ म्हणावं का?

प्रश्न : अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या वार्षिक आकडेवारीवर मराठीत लेख लिहिते आहे. त्या आकडेवारीत ‘रीइश्यू’ असा वेगळा प्रकार येतो. एकदा दिलेल्या पेटंटात चूक निघाली म्हणून दुरुस्त करून पुन्हा दिलेली ही पेटंटं, आणि तीही देशवार मोजलेली. मी शीर्षक केलं आहे : ‘परदेशी संशोधकांना मिळालेली संशोधित पेटंटं : एक आर्थिक निर्देशांक’. वाचताना अडखळायला होतं. कुठला शब्द बदलू?

प्रतिसाद : सगळ्यात आधी ‘संशोधित’. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. तिकडे ‘संविधान संशोधन’ म्हणतात, आपण ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो. मराठीत संशोधन म्हणजे नव्याचा शोध. त्यामुळे ‘संशोधकांची संशोधित पेटंटं’ वाचून मराठी वाचकाला वाटेल, संशोधन करून मिळवलेली पेटंटं. ती तर सगळीच तशी असतात! ज्या चुकीमुळे हा वेगळा प्रकार झाला, तीच शीर्षकातून गळून जाते.

‘सुधारित’ही नको. सुधारित बियाणं म्हणजे आधीच्यापेक्षा सरस बियाणं. इथे शोध सरस झालेला नसतो. पुन्हा देताना मूळ अर्जात नसलेली नवी माहिती घालायला कायद्याने बंदी आहे, आणि मुदतही मूळ पेटंटाची जेवढी उरली असेल तेवढीच मिळते.

प्रतिसाद : मग सरळ ‘दुरुस्त पेटंट’ म्हणा ना.

प्रतिसाद : अर्थ बरोबर आहे, पण एक घोटाळा होईल. छपाईची किंवा किरकोळ चूक असेल तर पेटंट कार्यालय फक्त एक प्रमाणपत्र जोडून ती सुधारतं. आपल्या पुस्तकांतल्या शुद्धिपत्रासारखंच ते. तेही पेटंट ‘दुरुस्त’च झालं, पण त्याला नवा क्रमांक मिळत नाही आणि ते या मोजणीत येत नाही. रीइश्यूत मूळ पेटंट परत करावं लागतं, दावे (म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणारी पेटंटातली कलमं) पुन्हा तपासले जातात, आणि नवं पेटंट ‘आरई’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाने निघतं. म्हणून मी ‘फेरजारी पेटंट’ सुचवेन. फेरतपासणी, फेरविचार, फेरमतमोजणी यांच्या ओळीत तो शब्द सहज बसतो. ‘पुनर्प्रदत्त एकस्व’ कोशात शोभेल, लेखात नाही.

‘फेर’मधला हा सगळा खटाटोप तुमच्या विषयाच्या मुळाशी आहे. पुन्हा तपासणी म्हणजे हातातले दावेही जाण्याची भीती. ती पत्करून, खर्च करून कोणी फेरजारी मागतो तेव्हा ते पेटंट त्याच्या लेखी अजून मोलाचं असतं. दाव्यांची व्याप्ती वाढवून हवी असेल तर मूळ पेटंट मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तेव्हा हा आकडा नव्या शोधांची लाट दाखवत नाही. जुन्या शोधांपैकी कशावर अजून पैसा लावावासा वाटतो, ते थोडंफार दाखवतो. आणि संख्या इतकी लहान असते की एखाद्या देशाचे दोनाचे चार झाले म्हणून अर्थव्यवस्था वधारली असं कृपया लिहू नका.

प्रतिसाद : ‘निर्देशांक’ही बदला. तो आधारवर्ष धरून काढतात, जसा महागाईचा. इथे नुसती मोजदाद आहे, तेव्हा ‘निर्देशक’.

प्रश्नकर्ती : आभार. ‘परदेशी संशोधक’ तरी ठेवू ना?

प्रतिसाद : तिथेही थांबा. देश ठरतो तो अर्जावर पहिलं नाव असलेल्या शोधकर्त्याच्या राहण्याच्या ठिकाणावरून. नागरिकत्व पाहत नाहीत. कॅलिफोर्नियात राहणारा भारतीय नागरिक अमेरिकेच्या खात्यात जातो, बंगळुरूत राहणारा अमेरिकी भारताच्या. ‘परदेशी’ म्हटलं की आपल्याला पारपत्र आठवतं. ‘परदेशस्थ’ म्हणाल तर ‘परदेशस्थ भारतीय’ डोळ्यांपुढे येतात, अर्थ आणखी भलतीकडे जातो. त्यापेक्षा माणसाला विशेषण लावूच नका, पेटंट कुठून आलं ते सांगा.

प्रश्नकर्ती : मग असं करते : ‘परदेशांतून आलेली फेरजारी पेटंटं : एक आर्थिक निर्देशक’. पहिल्या परिच्छेदात ‘रीइश्यू’ एकदा देईन आणि राहण्याच्या ठिकाणाचा नियम तिथेच सांगून टाकेन.